मुखपृष्ठावरचा ‘स्मृतीदीन’ बदलून द्या

प्रति,
व्यवस्थापक, छपाई विभाग

विषय: मंजुरीनंतर मजकुरात घातलेल्या चुका आणि 150 पुस्तिकांची फेरछपाई

तुमच्या ग्राहक सेवेशी झालेला पाचवा फोन आत्ताच संपला. तो ठेवून पाच मिनिटे होत नाहीत तोच तक्रार ‘बंद’ केल्याचा मेसेजही आला. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

बाबांच्या प्रथम स्मृतिदिनाची ही पुस्तिका तुमच्याच छापखान्यातून बाहेर पडली आहे, तेव्हा कागद, आकार आणि बांधणी सांगत बसत नाही. 48 पाने, 150 प्रती, आणि पॅकेज ‘शुद्धलेखन तपासणीसह’. त्या तपासणीचे 3,600 रुपये तुम्ही वेगळे लावले आणि मी ते आनंदाने भरले. 4 तारखेला मी मंजूर केलेली पीडीएफ बरोबर होती. पाचही फोनवर हे सांगितले, इथे पुन्हा लिहिते: मी मंजूर केलेली पीडीएफ बरोबर होती. चुका त्यानंतर तुमच्या तपासणीने घातल्या.

मुखपृष्ठापासूनच सुरुवात करते. बाबांच्या फोटोखाली मी दिलेला मजकूर होता ‘प्रथम स्मृतिदिनानिमित्त’. तुम्ही सोनेरी अक्षरांत छापलेत ‘प्रथम स्मृतीदीनानिमित्त’. एका शब्दात दोन चुका. स्मृती हा शब्द एकटा लिहिला की शेवटची वेलांटी दुसरी, समासात आधी आला की पहिली. कवी पण कविवर्य, गुरू पण गुरुपौर्णिमा, बुद्धी पण बुद्धिबळ. ही चूक लग्नपत्रिकांपासून चौकातल्या फलकांपर्यंत सगळीकडे दिसते, तिच्यावर एकवेळ मी फक्त चिडले असते. दुसरी चूक मात्र माझ्या वडिलांचा अपमान आहे. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे लाचार. 37 वर्षे खेड्यापाड्यांतल्या शाळांत मराठी शिकवलेला माणूस, निवृत्तीनंतरही कुणाकडून उसने दहा रुपये न घेतलेला, आणि त्याच्या फोटोखाली तुम्ही ‘दीन’ लिहिलेत.

आत उघडले तर प्रत्येक पानावर ‘आणी’. पेन्सिलने खुणा करत मोजले, 163 ठिकाणी. माझ्या पीडीएफमध्ये 163 ठिकाणी ‘आणि’ होते.

पान 9 वर बाबांनी नोकरी लागल्यावर 1961 साली आजोबांना लिहिलेले पत्र आहे. तेव्हा जुने लेखन चालू होते. बाबांनी लिहिले होते, ‘पत्र मिळालें. इथें सर्व ठीक आहे, काळजी करूं नये.’ पुढच्याच वर्षी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि बाबांनी स्वतःचे वळण मोडून नवे शिकून घेतले, मग ते पोरांना शिकवले. तो बदल वाचणाऱ्याला दिसावा म्हणून ऑर्डरच्या रकान्यात मी ठळक लिहिले होते: पान 9 वरील जुने लेखन तसेच ठेवावे. तुमच्या तपासणीने सगळे अनुस्वार पुसले. आणि त्याच पत्राच्या मायन्यात ‘शिरसाष्टांग नमस्कार’ होता, तिथे ‘शीरसाष्टांग’ केले. शिर म्हणजे डोके, शीर म्हणजे रक्तवाहिनी. राखायचे ते पुसले आणि बरोबर होते ते बिघडवले.

आता पान 31. हे पान पाहून मला रडू आले, लपवत नाही. शाळेच्या रौप्यमहोत्सवाची आठवण बाबांनी वहीत लिहून ठेवली होती. ‘पाहुण्या आचार्यांना शाल दिली. मग मी मुख्याध्यापकांना सांगून आचाऱ्यांनाही शाल देवविली, कारण तीन दिवस चुलीपुढे तेच होते.’ तुमच्या छापील पानावर दोन्ही ठिकाणी ‘आचार्यांना’ आहे. विद्वानाला शाल मिळाली, मग पुन्हा त्याच विद्वानाला शाल मिळाली, आणि स्वयंपाक करणारा माणूस वाक्यातून नाहीसा झाला. ज्या गोष्टीसाठी ती आठवण लिहिली गेली तीच गेली. आचार्य आणि आचारी यांच्या रूपांत फरक दाखवणारा तो अर्धा र, ऱ, मराठीची रोजची गरज आहे. याच कारणाने पान 40 वर सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ तुमच्याकडे ‘दर्या’ झाल्या आहेत. डोंगरात समुद्र आणून ठेवलात. मराठी छपाईचे पैसे घेणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेला हे अक्षर कळत नसेल, तर ते ऑर्डर घेण्याआधी सांगायला हवे होते.

आता आजचा फोन. तो नीट सांगते, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल आणि ते तुम्ही ऐकावे अशी माझी मागणी आहे.

आधी एक मुलगी बोलली. मी म्हटले, “ताई, मुखपृष्ठावर दिनचा दीन झालाय.” ती म्हणाली, “मॅडम, दोन्ही सेमच आहे ना?” मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, “पण वाचणाऱ्याला कळतंय ना काय म्हणायचंय ते?” तिच्यावर माझा राग नाही, तिला कुणी शिकवलेले नाही. मी वरिष्ठांना द्यायला सांगितले. अकरा मिनिटे गाणे ऐकवल्यावर एक गृहस्थ आले. त्यांनी आधी सांगितले की तुमची सिस्टीम शासनमान्य नियमांवरच चालते. मी विचारले, कोणत्या? 1962 साली मान्य झालेले 14 नियम आणि 1972 साली वाढलेले 4, हे अठराही नियम बाबांच्या टेबलाच्या काचेखाली असायचे. त्यांत स्वच्छ लिहिले आहे की शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, पण ‘आणि’ व ‘नि’ ही दोन अव्यये ऱ्हस्वच. तुमच्या यंत्राने अर्धा नियम उचलला आणि अपवाद सोडून दिला. यावर ते गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले:

“मॅडम, स्पष्ट बोलू का? स्मृतिदिनाला लोक येतात, फोटोला फूल वाहतात, जेवतात आणि जातात. पुस्तिका कोण वाचतंय? आणि वाचली तरी ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतंय आजकाल?”

मी काही बोलले नाही. खरे तर बोलताच आले नाही. पान 31 माझ्यासमोर उघडे होते. त्यांना वाटले फोन कटला. “हॅलो, हॅलो” केले आणि ठेवून दिला.

कोण बघतंय, याचे उत्तर मी इथे देते. त्या दिवशी येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाबांचे विद्यार्थी आहेत. त्यांतल्या पहिल्या तुकडीची पोरे आता पंचाहत्तरीला आली आहेत. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून काढण्याची शिक्षा त्यांतल्या प्रत्येकाने भोगली आहे. बाबा निवृत्त झाल्यावरही ही माणसे आपल्या मुलांच्या लग्नपत्रिकेचा कच्चा मजकूर घेऊन आमच्या घरी यायची, बाबा लाल पेनाने दुरुस्त करून द्यायचे आणि चहा पाजून पाठवायचे. ते सगळे ही पुस्तिका वाचणार आहेत. पहिल्या पानापासून वाचणार आहेत.

आणि मग तो मेसेज. ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आपल्या अमुल्य अभीप्रायासाठी धन्यवाद.’ शुद्धलेखनाच्या तक्रारीला आलेल्या उत्तरात अमूल्य चुकले, अभिप्राय चुकला. आभार मानतानासुद्धा एकदा वाचून पाहावेसे कुणाला वाटले नाही.

याआधी दोन वेळा मी तुमच्याकडूनच छापून घेतले आहे. मुलीच्या कवितांची वही छापली, तेव्हा तुमच्याकडे तपासणीला माणूस होता. त्याने फोन करून विचारले होते की ‘पावले’ची ‘पावलं’ मुद्दाम बोलीत ठेवली आहेत की बदलू. त्या एका फोनमुळे मी आणखी चार घरांना तुमचे नाव सुचवले. त्या माणसाच्या जागी तुम्ही यंत्र बसवले असेल, तर निदान यंत्राने बदललेले शब्द ग्राहकाला दाखवून मंजुरी घ्या. मी मंजूर केलेली पीडीएफ बरोबर होती. ती तुमच्याकडे आजही आहे, उघडून पाहा.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. मंजूर पीडीएफवरून, एकही अक्षर न बदलता, 150 प्रतींची विनामूल्य फेरछपाई. तपासणीचे 3,600 रुपये परत. आणि त्या गृहस्थांच्या वक्तव्याबद्दल लेखी माफी. स्मृतिदिन 23 तारखेला आहे, प्रती 20 तारखेपर्यंत घरी पोहोचल्या पाहिजेत. तोवर झाले नाही तर सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा आयोगाकडे जाणार. मंजूर पीडीएफ, पावती आणि तो मेसेज मी आजच वेगळ्या पाकिटात घालून ठेवले आहेत.

चुकीच्या प्रतींचे खोके आमच्या ओसरीवर तसेच आहे, येऊन घेऊन जा. त्यातली एक प्रत सोबत जोडली आहे. बाबांच्याच पेनाने तिच्यात सगळ्या दुरुस्त्या केल्या आहेत, 48 पानांत एकही पान कोरे राहिले नाही. शेवटच्या चार पानांवर शाई संपत आली होती, तिथे लाल रंग फिका दिसेल. पण दुरुस्त्या वाचता येतात.

आपली ग्राहक,
सांगली