मनोरा नंतर, आधी स्वयंपाकघर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खान्देशात आरशांचे शेत करून मधोमध उंच मनोरा बांधावा आणि रात्रीही सौर वीज मिळवावी, अशी मागणी आपल्या अंकात एका वाचकाने केली होती. मी बत्तीस वर्षे औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरवर काम केले आहे. त्यामुळे ते पत्र दोनदा वाचले आणि कात्रणही काढून ठेवले. विचार मनापासून आवडला. मागणी मात्र थोडी बदलावी असे वाटते, म्हणून हे लिहितो.

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तिथली पॅनेले उजेडाची थेट वीज करतात आणि सूर्य मावळला की थांबतात. मनोऱ्याचे तसे नाही. जमिनीवरचे आरसे सूर्याबरोबर वळत राहतात आणि सगळे ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर एका जागी टाकतात. तिथल्या नळ्यांतून वितळलेले मीठ फिरते. हे खायचे मीठ नव्हे, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटचे साधारण ६०-४० मिश्रण असते. वर जाताना ते २९० अंशांवर असते, खाली येते ५६५ अंशांवर. ते मोठ्या टाकीत भरून ठेवायचे आणि लागेल तेव्हा त्याच्या उष्णतेवर वाफ करायची. तिथून पुढे वाफ, टर्बाइन, कंडेन्सर सगळे आमच्या केंद्रासारखेच. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ २०११ साली सुरू झालेला जेमासोलार प्रकल्प असा आहे. मनोरा १४० मीटर उंच, आरसे २,६५०, क्षमता २० मेगावॅटला जरा कमी. पण टाकी भरलेली असली तर उन्हाशिवाय १५ तास चालतो. आयुष्यभर कोळशाची राख पाहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

तरीही मी आज खान्देशासाठी मनोरा मागणार नाही. आरशाला स्वच्छ, सरळ ऊन लागते. ढगाळ किंवा धुळकट आभाळातून झिरपणाऱ्या उजेडावर पॅनेल थोडीफार वीज देते, पण असा विखुरलेला उजेड आरशाला एका ठिकाणी आणता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आहेत आणि मे महिन्यातली वावटळ तर सगळ्यांच्या ओळखीची आहे. शिवाय हे मीठ २४० अंशांच्या खाली आले की नळीतच गोठायला लागते, त्यामुळे ऊन नसलेल्या दिवसांतही त्याला ऊब द्यावी लागते. अमेरिकेत नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्स या ११० मेगावॅटच्या प्रकल्पाची गरम मिठाची टाकी २०१६ मध्ये गळली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद राहिला. आपल्या देशातही २०१० नंतर राष्ट्रीय सौर अभियानात आरशांवर चालणारे बरेच प्रकल्प मंजूर झाले, त्यांतले मोजकेच उभे राहिले. तोवर पॅनेलची वीज इतकी स्वस्त झाली की बाकीच्यांचे गणितच बसेना.

माझे म्हणणे वेगळे आहे. उष्णता साठवावी, जरूर साठवावी, पण तिची वीज करण्याच्या मागे लागू नये. भुसावळहून रेल्वेने जाताना दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर दिसतात. त्यांतून वर जाणारी वाफ म्हणजे विजेत रूपांतर न झालेली उष्णता. जाळलेल्या कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याहून जास्त भाग वीज होतच नाही. मिठाच्या टाकीतून केलेल्या विजेचीही हीच गत. मग जिथे हवी आहे ती उष्णताच, तिथे ती थेट का देऊ नये?

आमचे जुने घर धाब्याचे होते. उन्हाळ्यात आई अंगणात खाट टाकताना म्हणायची, “दिन बुडना, पन भीत तपेलच शे.” भिंतीला पाठ टेकवली की मध्यरात्रीही चटका बसायचा. ती भिंत म्हणजे उष्णतेची कोठीच होती. फक्त नको त्या वेळी उघडलेली.

आता हिशेब पाहा. नीट इन्सुलेशन केलेल्या टाकीतले, उन्हावर तापवलेले हजार लिटर पाणी ९० अंशांवरून ६० वर उतरते, तेव्हा सुमारे ३५ युनिट (वीजबिलात असतात तेच) उष्णता देते. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट असतात. म्हणजे एक टाकी दिवसाला जवळजवळ सिलिंडरच्या पाचव्या हिश्श्याचे काम करते, आणि या साठवणीला ना मनोरा लागतो ना वितळलेले मीठ. दूध पाश्चराइज करायला ७२ अंश पुरतात, तेही पंधरा सेकंद. लातूरच्या दूध डेअरीत हे काम मोठ्या सौर डिशच्या, म्हणजे ऊन एका जागी आणणाऱ्या वाटीसारख्या आरशाच्या, उष्णतेवर झालेले आहे. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ सौर डिश बसवून वाफेवर स्वयंपाक होऊ लागला. ऊन नसेल तेव्हा नेहमीचा बॉयलर होताच. अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या केंद्रात ७७० डिश आहेत, आणि तिथे उष्णता ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यांत साठवतात. लोखंड गोठत नाही आणि गळतही नाही, ही गोष्ट बॉयलरवाल्याला फार भावते.

एक अनुभव सांगायलाच हवा. मी एका वसतिगृहाच्या समितीवर होतो. तिथे अनुदानातून अशा दोन डिश बसवल्या. पहिला उन्हाळा वरण-भात त्यांच्यावरच शिजला. पुढे आरसे पुसणारा माणूस मिळेना, सूर्यामागे डिश फिरवणारी यंत्रणा अडकली, दुरुस्तीसाठी पैसे कोणत्या शीर्षाखाली टाकायचे हे कोणाला ठरवता येईना. दोन वर्षांत दोन्ही डिश भंगारात गेल्या आणि चुलीचा धूर पुन्हा सुरू झाला. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना खोकताना पाहिले की आजही मला अपराधी वाटते. यंत्र उत्तम होते. बजेटमध्ये ते विकत घ्यायची तरतूद होती, सांभाळायची नव्हती.

म्हणून मागणी अशी. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांपैकी एक आणि जळगाव जिल्ह्यातली एक दूध डेअरी निवडावी. तिथे डिश, साठवणीची टाकी आणि पावसाळ्यासाठी जुना बॉयलर किंवा गॅस असे तिन्ही मिळून बसवावे. पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे खरेदीच्या आदेशातच धरावेत आणि आरसे पुसण्याचे काम एका माणसाच्या नावे, पगारासह लिहावे. दरमहा किती लाकूड आणि किती सिलिंडर वाचले, याचा आकडा आपल्यासारख्या वृत्तपत्रात छापून यावा. तो चांगला निघाला तर मनोऱ्याची चर्चा आपण जरूर करू, आणि त्या सभेत मी पहिल्या रांगेत असेन.

भुसावळ परिसरात वाफेची लाइन, सेफ्टी व्हॉल्व्ह, इन्सुलेशन हे डोळे मिटून सांगणारी शेकडो निवृत्त माणसे आहेत. एखादी शाळा पुढे आली तर मी आणि माझे दोन जुने सहकारी तिथे येऊन काम शिकवू. गाडीभाडे आमचे आम्ही करू, दुपारचे जेवण मात्र त्याच डिशवर शिजलेले असावे.

आपला,
एक निवृत्त बॉयलर कर्मचारी, भुसावळ