क्रमवारीआधी टेबल सारखे करा

महोदय,

रंगवलेल्या छोट्या सैनिकांचे सैन्य टेबलावर मांडायचे आणि फासे व मोजपट्टी घेऊन लढाई खेळायची, हा मिनिएचर वॉरगेमिंगचा छंद मुंबई-पुण्यातही आहे. त्यातला सर्वांत परिचित खेळ ‘वॉरहॅमर ४०,०००’. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने तो १९८७ मध्ये आणला. दहावी आवृत्ती २०२३ ची. वेगवेगळ्या शहरांतल्या स्पर्धांची एकच क्रमवारी लावायची असेल, तर त्याआधी काही मोजमापे सगळ्या आयोजकांनी सारखी करायला हवीत.

नियमपुस्तक हालचाल आणि मारा यांबाबत पुरेसे स्पष्ट आहे. भांडणे होतात ती आयोजकावर सोडलेल्या गोष्टींवरून, आणि त्यांत पहिला नंबर पडक्या इमारतींचा. प्रत्येक सैनिकाला ताकदीप्रमाणे ठरावीक गुण असतात; अशा २००० गुणांच्या सैन्यांसाठी मैदान ४४ बाय ६० इंच. इमारती विरळ असल्या की लांब पल्ल्याच्या तोफा पहिल्याच फेरीत समोरच्याचा फडशा पाडतात. फार दाट असल्या की रणगाडे गल्लीत अडकून बसतात आणि तलवारवाल्यांचे फावते. निकाल मग टेबल मांडणाऱ्याच्या हाती जातो. म्हणून इमारतींच्या जागा नकाशावर इंचांत ठरवाव्यात, नकाशा स्पर्धेआधी जाहीर करावा आणि तळमजल्याच्या खिडक्या सरसकट बंद धराव्यात. एका डोळ्याने वाकून ‘दिसतोय, दिसत नाही’ करण्यात जाणारा वेळ वाचेल.

हे स्वस्तात होते. आठ बाय चार फुटी प्लायवूडमधून पाच फुटांचा तुकडा कापला की ६० इंच लांबी मिळते; रुंदीत दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच उरतात, तिथे फासे आणि बाद झालेले सैनिक राहतात. इमारतींच्या सीमारेषा फ्लेक्सवर छापून घ्याव्यात. एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे तळ पावसाळ्यात कडेने फुगतात आणि मग इमारत रेषेवर नीट बसत नाही. छापणाऱ्याला मूळ मापातच छापायला बजावावे आणि फ्लेक्स हातात आल्यावर टेप लावून पाहावा. ताब्यात ठेवून विजयाचे गुण मिळवायच्या मोक्याच्या जागेची खूण ४० मिमी व्यासाची असते आणि ताबा तिच्या कडेपासून तीन इंचांपर्यंत चालतो, म्हणजे १९२.४ मिमी व्यासाचे वर्तुळच छापून टाकले की दर फेरीची मोजामोज संपली.

दुसरी गोष्ट सैनिकांच्या पायाखालच्या चकतीची. २५ मिमीऐवजी ३२ मिमीच्या चकत्यांवर दहा जण खेटून उभे केले तर रांग ७० मिमी, म्हणजे पावणेतीन इंचांनी लांबते. तेवढी वाट जास्त अडते. उलट लहान चकतीवर एका शत्रूभोवती जास्त हात पोहोचतात. जुने सैन्य जुन्याच चकत्यांवर आणणारा लबाड असतोच असे नाही. पण फायदा-तोटा होतोच, तेव्हा चकत्यांच्या मापांचा तक्ता आधी द्यावा.

याच ओघात थ्रीडी प्रिंटचा प्रश्न येतो. कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत कंपनीचेच सैनिक लागतात. भारतात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. इथे तोच आग्रह धरला तर टेबले रिकामी राहतील. चकती, उंची आणि हातातले शस्त्र मुळाबरहुकूम असेल तर छापलेला सैनिक चालावा. उंची महत्त्वाची, कारण बुटका सैनिक भिंतीआड पूर्ण लपतो.

घड्याळाला मात्र पर्याय नाही. तीन तासांत एका सामन्याच्या पाच फेऱ्या संपवायच्या असतात, आणि शंभरावर सैनिक हलवणारा खेळाडू तिसरीतच अडकतो. बुद्धिबळाचे घड्याळ लावावे: दहा मिनिटे सैन्यांची ओळख, उरलेली प्रत्येकी ८५. चूक होते ती पाळी संपेपर्यंत बटण न दाबण्यात. समोरचा बचावाचे फासे टाकत असतो तेव्हा वेळ त्याचा जायला हवा. पंचाला बोलावले की घड्याळ थांबवावे. वेळ संपलेल्याने फक्त बचावाचे फासे टाकावेत आणि मिळतील ते गुण घ्यावेत.

सोळा खेळाडू आणि स्पर्धेत स्विस पद्धतीच्या (सारखे विजय असलेल्यांची गाठ घालणाऱ्या) तीनच फेऱ्या, म्हणजे प्रत्येकाचे तीनच सामने असतील, तर बरोबरी न झाल्यास दोघे अपराजित उरतात. चौथी फेरी घ्यावी, नाहीतर बरोबरी फोडण्याचा निकष आधी छापावा. आमच्या मते आधी प्रतिस्पर्ध्यांचे विजय पाहावेत, मग स्वतःचे एकूण गुण. उलट केले तर नवख्याला धुऊन काढणाऱ्यालाच बक्षीस मिळते. सैन्य पूर्ण रंगवल्याबद्दल मिळणाऱ्या दहा गुणांवरून तर शंभरात दहाचा फरक पडतो; अर्धवट रंगवलेल्या सैन्याचा निर्णय पहिल्या फेरीआधी पंचाने द्यावा, प्रतिस्पर्ध्याने नव्हे.

सैनिकांच्या ताकदीचे गुण कंपनी वर्षातून अनेकदा बदलते. स्पर्धेच्या चौदा दिवस आधीपर्यंत आलेलेच बदल लागू धरावेत आणि सैन्याची यादी आठवडाभर आधी घ्यावी. तिरका पडलेला फासा पुन्हा टाकावा, मग त्यावर सहा दिसत असो की एक.

आपले,
मिनिएचर वॉरगेमिंगचे काही खेळाडू व पंच, पुणे