पक्या, पोरीला लेखनिक होऊ दे

प्रिय पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, अर्धा लॅबमधल्या मशीनच्या आवाजात गेला पण मुद्दा कळला. मी वहिनींना म्हणालो की पोरगी नववीत आहे तर यंदा लेखनिक म्हणून नाव द्यायला लावा, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांची बोर्डाच्या पेपरातली उत्तरं ऐकून लिहून द्यायची, आणि तुला ते काही झेपलं नाही. पुढच्या वर्षी दहावी, क्लासची बॅच डिसेंबरातच सुरू होतेय, आणि हे व्हॉलंटियरिंगचं फॅड अमेरिकेत ॲडमिशन घेणाऱ्यांचं, आपल्याला काय करायचंय, असं तू म्हणतोस. फोनवर बोललो असतो पण तू कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. आता निवांत वाच.

अर्धं तुझं खरंच आहे. सर्टिफिकेटसाठी चाललेला तमाशा मीही बघतो की. इथल्या एका शाळेनं पोरांना नदीकाठी नेलं होतं, बॅनर लावलं, सगळ्यांना टोप्या दिल्या, हातात झाडू, आणि झाडू इतके कोरे की दांड्यावरची किमतीची लेबलंसुद्धा निघाली नव्हती. फोटो झाले, वडापाव झाले, बस परत. पोरांना ते कळत नाही असं नाही हां, पोरं हुशार असतात, त्यांना बरोबर कळतं की हे आपल्या नावावर कुणीतरी दुसऱ्यानं चालवलेलं नाटक आहे, आणि मग समाजसेवा म्हणजे असंच काहीतरी असतं हे त्यांच्या डोक्यात जे बसतं ते पुढे निघत नाही. असल्या ठिकाणी तू पोरीला नाही पाठवलंस तर मी तुझ्या बाजूनं.

पण लेखनिकाचं तसं नाही. आमच्या पोरानं, चिकूनं, गेल्या वर्षी केलं म्हणून सांगतोय. बोर्डाचा नियम असा की जो परीक्षा देतोय त्याच्यापेक्षा लेखनिक खालच्या वर्गातला पाहिजे, म्हणजे दहावीच्या पेपरला नववीचा किंवा त्याच्याही खालचा. त्यामुळे नववीतली पोरं सोन्याच्या भावाची. आणि नेमकी तीच मिळत नाहीत, कारण त्याच सुमाराला यांच्या स्वतःच्या परीक्षा तोंडावर असतात आणि आईबाप म्हणतात नको बाबा. मग ज्या मुलाला दिसत नाही, ज्यानं वर्षभर ब्रेलमधून नाहीतर रेकॉर्डिंग ऐकून अभ्यास केलाय, तो फेब्रुवारीपर्यंत शोधत बसतो की माझं उत्तर कागदावर उतरवणारा कुणी मिळेल का. सगळं पाठ आहे आणि हात नाही मिळत, विचार कर.

चिकूला जी मुलगी मिळाली ती सोलापूरकडची, इथं होस्टेलला राहून शिकणारी. परीक्षेआधी काही रविवार दोघं सरावाला बसायचे. पहिल्याच दिवशी तिनं याला प्रश्न वाचायला सांगितला, हा आपला भडाभडा वाचून मोकळा, तर ती म्हणाली, परत वाच, तू कुठं थांबतोस त्यावर मला प्रश्न कळतो. आता हे वाक्य मी त्याला सातवीपासून वेगवेगळ्या शब्दांत सांगतोय, मोठ्यानं वाच, नीट वाच, ढिम्म फरक नाही. तिनं एकदा सांगितलं आणि पोरगं संध्याकाळी घरी जुने पेपर मोठ्यानं वाचत बसलं, आजीला समोर बसवून.

आणि गणित! खरं तर अशा मुलांना सवलतीत सोपं अंकगणित घेता येतं, पण ही हट्टानं बीजगणित घेऊन बसलेली. ती सांगणार "एक्स अधिक तीन भागिले दोन" आणि हा लिहिणार. आता दोन फक्त तीनच्या खाली की सगळ्याच्या खाली? हिच्या डोक्यात समीकरण स्वच्छ आहे, याच्या कागदावर ते दुसरंच काहीतरी होऊन बसतं, आणि चार ओळी पुढे गेल्यावर उत्तर येईना की दोघं वैतागणार. मग त्यांनीच ठरवून घेतलं, कंस सुरू, कंस पूर्ण, रेघेवर, रेघेखाली. कुणी शिकवलं नव्हतं, सर पण नव्हते तिथे. मी स्कूटरवर न्यायला गेलो की जिन्यातूनच ऐकू यायचं, रेघेखाली दोन, रेघ संपली. खरं सांगतो, समोरच्याला नेमकं काय ऐकू गेलं हे तपासून बघायची सवय आमच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढलेल्या लोकांना नाहीये.

परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. हा माणूस, जो जेवताना दहा मिनिटं मोबाईल खाली ठेवत नाही, चार तास एका जागी बसून दुसऱ्याचं बोलणं लिहीत होता. भूगोलात नकाशाच्या जागी त्यांना वेगळा प्रश्न असतो, तो शोधून वाचायचा. स्पेलिंग, शुद्धलेखन, अक्षर सगळं याच्या जबाबदारीवर, कारण ऱ्हस्व-दीर्घ यानं चुकवला तर मार्क तिचे जाणार. इतिहासाच्या पेपरात तिनं एक उत्तर सांगितलं ते याला चूक वाटलं. पेन थांबलं. आवाज बंद झाला ते तिला लगेच कळलं, ती म्हणाली, लिही. यानं लिहिलं. घरी आल्यावर मी विचारलं, अरे मग बरोबर काय होतं? तर म्हणतो, बाबा पेपर तिचा आहे. बास. पुढे एक अक्षर नाही. बरोबर होतं की चूक ते मला आजतागायत माहीत नाही.

हेच मला तुला सांगायचंय बघ. या वयात पोरांवर कुणी अवलंबून नसतंच. सगळं त्यांच्यासाठी चाललेलं, डबा त्यांच्यासाठी, क्लास त्यांच्यासाठी, रिक्षावाले काका त्यांच्यासाठी, नापास झाले तर नुकसान त्यांचं, पास झाले तर पेढे त्यांचे. आपण नाही आलो तर कुणाचं तरी काम अडेल ही गोष्ट पंधराव्या वर्षी त्यांना माहीतच नसते. आपल्या वेळी घरातच ते होऊन जायचं, तू दुकानात गल्ल्यावर बसायचास, मी दळण आणि रॉकेलची लाईन. आता घरात असं कामच उरलं नाही जे पोरगं न केल्यानं खरोखर अडेल. म्हणून ते बाहेर शोधावं लागतं. उपदेश करून हे येत नाही रे, तू कितीही टाळकं फोड.

तू पुरावा मागणार हे मला माहितीये, लॅबवाला माणूस तू. तर तुझ्याच भाषेत ऐक. २०१३ मध्ये पश्चिम कॅनडातल्या एका सरकारी शाळेतल्या दहावीच्या १०६ पोरांवर एक प्रयोग छापून आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, एका गटानं आठवड्यातून तासभर असं दहा आठवडे लहान शाळकरी पोरांना मदत करायची, दुसऱ्या गटानं थांबायचं. आधी नंतर रक्त तपासलं. काम केलेल्या गटाचं आयएल-६, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला घटक, खाली, कोलेस्टेरॉल खाली, बीएमआय पण कमी. आणि ज्यांच्यात दुसऱ्याबद्दलची कणव जास्त वाढली आणि चिडचिड जास्त कमी झाली त्यांच्यात हा फरक जास्त. आता एका शाळेतली शंभर पोरं, लगेच देव्हाऱ्यात बसवायला नको, पण रँडमाईज्ड आहे, नुसती मतं गोळा केलेली नाहीत, तेव्हा नाक मुरडू नकोस.

बरं ते सोड. सोमनाथ आठवतं का? बारावीच्या सुट्टीत तू घरी खोटं सांगून निघालास, मूल गावाला उतरून पुढे कसे गेलो देव जाणे. बाबा आमट्यांनी १९६७ ला सुरू केलेली ती श्रमसंस्कार छावणी, मे महिन्यात, १५ ते २२, आणि चंद्रपूरचा मे म्हणजे सावलीत पण भाजून निघतो. पहाटे अंधारात उठून कुदळ-फावडं, उन्हं चढली की व्याख्यानं, आणि तू पहिल्या रांगेत बसून सरळ घोरायचास. तुझ्या हाताला फोड आले तर ते तू गावात आल्यावर सगळ्यांना दाखवत फिरलास. त्या आठवड्यात आपण जे खणलं त्यानं कुणाचं काही भलं झालं असेल असं मला वाटत नाही, तिथली माणसं आपल्या दसपट काम करत होती. पण ज्यांना कुष्ठरोग झाला म्हणून घरानं बाहेर काढलं त्यांनी शेती उभी करून आपल्याला जेवायला घातलं, हे आपण बघितलं. तू परत येऊन डीएमएलटीला, लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, ॲडमिशन घेतलीस, आणि मला अजून वाटतं त्याचं बीज तिथलं आहे, तू नाही म्हण हवं तर.

आमची मोठी २०१८ ला एक मेच्या महाश्रमदानाला गेली होती, पानी फाउंडेशनच्या वॉटर कपवाल्या, गावागावांत पाणी अडवायची स्पर्धा ती, कोरेगाव तालुक्यात. येताना काळी ठिक्कर पडून आली. सलग समतल चर म्हणजे काय, उतारावर पाणी कसं अडवायचं, सगळं आम्हाला जेवताना ताटात रेघा ओढून समजावलं. पण तीच म्हणाली की बाबा, गावातल्या बायका महिनाभर रोज खणतायत, आम्ही एक दिवस गेलो आणि आमच्याच सेल्फ्या जास्त. सोळाव्या वर्षी एवढं कळलं तर मी म्हणतो दिवस वसूल. तिच्या बरोबरच्या काहींना मात्र नुसतं उन्ह लागलं. म्हणजे सगळ्यांना सगळं लागू पडतं असं पण नाही.

अकरावीला गेल्यावर एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना, आहेच, ते १९६९ पासून, गांधी शताब्दीच्या वर्षी सुरू झालेलं. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. शिबिर चांगलं असतं, बाकीचे तास कॉलेजवर अवलंबून, कुठे खरंच काम होतं तर कुठे हजेरीपटावर सह्या. प्रोग्रॅम ऑफिसर कोण आहे त्यावर सगळं. तेव्हाचं तेव्हा बघू.

तुझ्या पोरीबद्दल मला का वाटलं ते सांगतो. गणपतीत आलो होतो तेव्हा ती दिवसभर खोलीत. वहिनी म्हणाल्या, कुणाशी बोलत नाही, विचारलं की दार लावून घेते. तू म्हणालास वय आहे. असेलही. पण अशा पोरांना चार लोकांत मिसळ, बोलत जा म्हणून ढकललं की ती अजून आत जातात. लेखनिकाच्या कामात तिला स्वतःचं काही बोलायचंच नाही, दुसऱ्याचं ऐकून लिहायचंय, आणि तिचं अक्षर तर छापल्यासारखं. स्टेज नाही, माईक नाही, एक टेबल आणि एक मुलगी. चिकू बडबड्या आहे, त्याला गप्प बसायला शिकावं लागलं. तुझीला ते आधीच येतं.

अभ्यासाचं म्हणशील तर, दहावीच्या आख्ख्या पेपरांना वर्षभर आधी आत बसून बघणं, प्रश्न कसे येतात, वेळ कसा पळतो, शेवटच्या अर्ध्या तासात काय होतं, हे कुठल्या क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये मिळतं सांग. हा माझा मुख्य मुद्दा नाही, पण तुला पटवायला चालेल. आणि वहिनींच्या मनात काळजी असेल तर ती रास्त आहे, सराव शाळेत नाहीतर होस्टेलच्या ऑफिसमध्येच, कुणीतरी मोठं माणूस तिथे असताना, येणंजाणं घरच्यांबरोबर, हे आधीच बोलून घ्या. झेपणार नसेल तर सगळे विषय घ्यायची गरज नाही, दोन भाषा घेतल्या तरी खूप. फक्त एकदा हो म्हणाली की पेपरच्या दिवशी डोकं दुखतंय चालणार नाही, ते तिला आधी स्वतः ठरवू दे, तू तिच्या वतीनं हो म्हणू नकोस.

करायचं काय तर, नाशिकला सातपूरमध्ये नॅबचं, अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं, ऑफिस आहे, तिथे जाऊन विचार, कुठल्या शाळेला यंदा लेखनिक हवेत ते त्यांना माहीत असतं. पोरीच्या शाळेचं बोनाफाईड आणि फोटो लागतील, पुढे परीक्षा देणाऱ्या मुलीची शाळा बोर्डाकडून परवानगी घेते, त्यात वेळ जातो, म्हणून जानेवारीवर ढकलू नकोस. मुख्याध्यापिका जरा कुरकुरतील, आपली परीक्षा बुडेल वगैरे, तर तारखा समोर ठेवून बोल. तुला लॅब सोडून जाता येणार नसेल तर वहिनींना आणि पोरीलाच जाऊ दे, उलट बरंच.

चिकूचा नंबर वहिनींकडे दिलाय. काय काय विचारायचं ते तिनं त्यालाच विचारावं, आपण दोघं मध्ये नको.

आणि अरे, आईचा थायरॉईडचा रिपोर्ट पाठवतो म्हणालास त्याला किती दिवस झाले. आज रात्री पाठव, डॉक्टर परवा बोलावतायत.

तुझा,
नंद्या