अकराच्या तारा उतरवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या आषाढात मी माझी इलेक्ट्रिक गिटार तुमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवली, तेव्हा ‘ब्रिज बिघडला आहे, बदलून द्या’ एवढेच माझे म्हणणे होते. तुम्ही ब्रिज, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग, बदलला नाही. नव्या ब्रिजचे पैसे तुम्हाला सहज घेता आले असते आणि मी ते बिनतक्रार दिले असते. पण तुम्ही मला समोरच्या स्टुलावर बसवलेत, ‘आधी थोडं वाजवून दाखव’ असे म्हणालात आणि दहा मिनिटे, एक शब्दही न बोलता, माझ्या दोन्ही हातांकडे पाहत राहिलात. त्या दहा मिनिटांचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले. ते आज चारचौघांत मानते आहे, कारण तारांची जाडी निवडताना मी जशी फसले तसे फसलेले आणखी वादक आता मला ठाऊक झाले आहेत.

माझ्या गिटारला मुळात 9 ते 42 चा संच होता, म्हणजे सर्वांत बारीक तार 0.009 इंच आणि सर्वांत जाड 0.042 इंच. आवाज भरदार हवा असेल तर जाड तारा लावा, असे मला एका दुकानात ठामपणे सांगण्यात आले आणि दाखला म्हणून अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांच्या 13 च्या तारेचे नाव घेतले गेले. त्यातच एका मित्राच्या गिटारवर 11 चा संच मी स्वतः वाजवून पाहिला होता आणि तो हाताला चांगला मऊ लागला होता. मग मीही 11 ते 49 चा संच लावून घेतला. दोन महिन्यांत डाव्या हाताची अनामिका मुळापासून दुखू लागली, तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटपासून (गळ्यावरच्या सातव्या आडव्या पट्टीपासून) तार ओढून पूर्ण सुराची मींड घ्यायला गेले की सूर हटकून खालीच अडकू लागला आणि ब्रिजची मागची बाजू वर उचलली गेली. मी भावगीतांच्या चाली वाजवते. मींडच अपुरी पडली तर माझ्या वादनात फारसे काही उरत नाही. दोष माझ्या बोटांचाच आहे असे धरून मी रियाज वाढवला आणि दुखणेही वाढवून घेतले.

मित्राच्या गिटारवर मऊ लागणारी तीच तार माझ्या गिटारवर लोखंडासारखी का लागते, हे कोडे तुम्ही तारेच्या रिकाम्या पाकिटामागे पेन्सिलीने सोडवून दाखवलेत. ते पाकीट मी जपून ठेवले आहे. तारेवरचा ताण तिचा व्यास, लांबी आणि सुराची कंपनसंख्या यांच्या वर्गांच्या प्रमाणात वाढतो, हे सूत्र मी शाळेत पाठ केले होते, पण ते माझ्या बोटांपर्यंत कधी पोहोचले नव्हते. माझ्या गिटारवर नट (गळ्याच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ते ब्रिज हे अंतर 25.5 इंच आहे, मित्राच्या गिटारवर ते 24.75 इंच, एवढ्या पाऊण इंचाने ताण सुमारे 6 टक्के उतरतो. शिवाय तो सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावतो, त्याने आणखी 11 टक्के उतरतो. दोन्हींचा हिशेब मांडल्यावर त्याच्या 11 च्या पहिल्या तारेवरचा ताण माझ्या गिटारवरच्या 10 च्या तारेएवढाच भरला. मी मात्र लांब गळ्यावर, पूर्ण सुरात 11 ची तार लावून बसले होते. माझ्या पहिल्या तारेवर जवळपास 9 किलोंचा ताण होता. 10 च्या तारेवर तो साडेसातच्या आत असता आणि 9 च्या तारेवर सहा किलो. दोन शेजारच्या जाड्यांमधला फरक मिलिमीटरचा जेमतेम चाळिसावा भाग, पण बोटाला तो किलो-दीड किलोंनी जाणवतो, हे त्या दिवशी प्रथमच कळले.

वॉन यांच्याबद्दलही तुम्ही अर्धवट राहिलेली गोष्ट पूर्ण केलीत, की तेही गिटार अर्धा सूर उतरवूनच लावत. आणि भरदार आवाजाचा प्रश्न निघाला तेव्हा ब्लूजचे दिग्गज बी. बी. किंग यांच्या सांगण्यावरून जाड तारा सोडून 7 च्या तारेपर्यंत उतरलेल्या, ‘झेडझेड टॉप’ या रॉक बँडच्या बिली गिबन्स यांचे वादन तुम्ही तिथेच ऐकवलेत. त्या आवाजाला बारीक म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांची हकीकत मला त्याहून जवळची वाटली. 1965 मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावल्यावर या डावखुऱ्या वादकाने बॅन्जोच्या बारीक तारा लावून वादन चालू ठेवले आणि पुढे सूर आणखी खाली उतरवले. हाताला जे पेलते त्यावरून तार ठरवणे ही कमीपणाची बाब आहे, हा माझा समज तिथे गळून पडला.

एवढे ऐकल्यावर मी घाईने पुन्हा 9 ते 42 चा संच मागितला, तेव्हाही तुम्ही मला थांबवलेत. माझा उजवा हात खालच्या सुरांच्या जाड तारांवर जोरात पडतो आणि डावा हात कॉर्ड धरताना गरजेपेक्षा जास्त दाबतो, हे तुम्ही टिपले होते. तिथे तार सैल असेल तर ती फ्रेटवर खडखडेल आणि दाबाने सूर चढेल, असे तुमचे म्हणणे होते. म्हणून तुम्ही वरच्या सुरांच्या तीन तारा 9, 11, 16 आणि खालच्या सुरांच्या तीन 26, 36, 46 असा मिश्र संच सुचवलात. मींड बारीक तारांवर, ठेका जाड तारांवर. माझ्या वादनाला याहून चपखल निवड मला आजवर सापडलेली नाही.

त्यानंतरचे काम डोळ्यांसमोरून जात नाही. मागचे झाकण उघडून तुम्ही तारांच्या ताणाविरुद्ध ब्रिज ओढून धरणाऱ्या स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने सैल करत होतात आणि प्रत्येक वेळी सहाही तारा पुन्हा सुरात आणून ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर आला का ते डोळा लावून पाहत होतात. सहाव्या तारेसाठी नटची खाच कानशीने जराशी रुंद केलीत आणि खुंटी फिरवताना तिसऱ्या तारेतून येणारा ‘टक्’ असा आवाज तिच्या खाचेत पेन्सिलीचे शिसे घासून घालवलात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एक होईपर्यंत ब्रिजवरचा एकेक सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेचा टेकू, पुढेमागे सरकवलात. मला वाटले, झाले. तुम्ही मात्र गिटार ठेवून घेतलीत, कारण ताण उतरल्यावर गळ्याच्या लाकडाला नव्या बेताने बसायला एक रात्र हवी होती. दुसऱ्या दिवशी गळ्याचा बाक सांभाळणारी आतली सळई पाव फेरा सैल केल्यावरच ती माझ्या हाती दिलीत. मजुरी घेतलीत ती फक्त सेटिंगची.

अनामिका आता दुखत नाही. सातव्या फ्रेटवरची ती मींड पूर्ण सुरापर्यंत पोहोचते आणि तिथे हवा तितका वेळ थांबतेही. पावसाळी हवेने पहिल्या दोन तारा काळवंडू लागल्या आहेत, तेव्हा येत्या पंधरवड्यात त्याच मापाचा नवा संच घेऊन येते. या वेळी तारा मी लावीन, तुम्ही शेजारी बसून फक्त पाहा, एवढी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
आषाढातल्या त्या उचललेल्या ब्रिजची मालकीण