रात्रपाळीवरच्या दादांना

नमस्कार दादा,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, सांगता येत नाही. तरी मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या जागी बसणाऱ्या आणखी चार जणांनी ते वाचलं तर बाइकवर फिरणाऱ्या कितीतरी लोकांची रात्र सुखाची जाईल.

पेट्रोल पंपाच्या मागे टेंट लावायला जागा दिलीत, त्याचे आभार आहेतच. पण मनात घर करून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. पहाटे पाळी बदलताना तुम्ही पुढच्या माणसाला सांगून गेलात: मागे एक टेंट आहे, विचारून थांबलेत, उठवू नका. दोन-तीन वाक्यंच, पण ती सांगायची आठवण ठेवलीत.

याची किंमत बाहेरून कळत नाही. फुकटच्या मुक्कामाची रात्र मोडते ती बहुतेक वेळा अशाच घडीला. ज्याने होकार दिला तो घरी गेलेला असतो आणि ज्याला काहीच ठाऊक नाही तो बॅटरीचा झोत तोंडावर मारत उभा असतो. परवानगी तोंडी असते, तिचा कागद नसतो. मग सगळं गुंडाळा, ओला टेंट तसाच कोंबा, थंड इंजिन चालू करा आणि नेमक्या त्या वेळी रस्त्याला लागा जेव्हा झोप सगळ्यात अनावर असते, व्हायझरवर दव साचतं आणि जनावरं रस्त्यावर असतात. दुचाकीवर एक डुलकीसुद्धा पुरते.

एका आवारात मालकांनी स्वतः 'खुशाल राहा' म्हटलं होतं आणि मध्यरात्रीनंतर त्यांच्याच रखवालदाराने बाहेर काढलं. रखवालदाराला बोल लावणार नाही. अनोळखी टेंट दिसला की हटकायचं, हेच त्याचं काम. राग आहे तो होकार देऊन तो स्वतःच्याच माणसापर्यंत न पोचवणाऱ्यांचा. त्यापेक्षा स्पष्ट नकार शतपटीने बरा. सूर्य मावळायच्या तासभर आधी नकार मिळाला तर पुढची जागा शोधता येते. 'बघा, थांबा कुठेतरी' हे उत्तर मात्र सगळ्यात घातक. त्याच्या भरवशावर अंधार पडतो आणि हाती काहीच लागत नाही.

लोक म्हणतात, विचारता कशाला, लपून राहा. लपून राहणं आम्हाला येतं. उजेड असताना जागा हेरायची, तिथे न थांबता पुढे जाऊन जेवण उरकायचं आणि संधिप्रकाशात परत यायचं. मागेपुढे गाडी नसेल तेव्हाच वळायचं. टेंट हिरवा किंवा मातकट हवा. मागचा रिफ्लेक्टर, नंबरप्लेट, बॅगांवरच्या चकाकत्या पट्ट्या गडद कापडाने झाकायच्या, नाहीतर जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या हेडलाइटमध्ये त्या पेटल्यासारख्या दिसतात. सायलेन्सर गार झाल्याशिवाय बाइकवर कव्हर टाकायचं नाही आणि वाळल्या गवतावर तर गरम बाइक उभीच करायची नाही. कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही झोपायचं नाही, कारण पाऊस कोसो दूर पडला तरी लोंढा तिथे येतो. खोलगट जागाही नको, रात्री थंड हवा उतरून तिथेच साचते आणि टेंट आतून ओला होतो. वर वाळकी फांदी आहे का, ते बघायचं. फटफटताच निघायचं.

हे सगळं जमतं, पण झोप लागत नाही. प्रत्येक इंजिनाच्या आवाजाला कान टवकारलेले राहतात. शिवाय पाठीवर पिशवी घेऊन चालणारा झाडीत शे-दोनशे मीटर आत शिरून नाहीसा होतो, दीड-दोनशे किलोची बाइक कुठे नेणार? ती रस्त्यालगतच राहते आणि आपला ठावठिकाणा सांगते. कायदाही चालणाऱ्याच्या बाजूने आहे, चालवणाऱ्याच्या नाही. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात, वस्तीच्या घरापासून 150 मीटर लांब राहून, साधारण दोन रात्रींपर्यंत न विचारता टेंट लावता येतो. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने तसाच हक्क मिळाला. पण तो हक्क इंजिनाच्या वाहनाला नाही. रान इतकं खुलं असलेल्या देशांतही बाइक आत घालायला कुणाची तरी परवानगी लागते. म्हणून सांगतो दादा, आमची रात्र शेवटी तुमच्यासारख्या एखाद्याच्या 'हो'वरच उभी असते, आणि तो 'हो' सकाळपर्यंत टिकला तरच तिला अर्थ.

जागा निवडतानाही तुम्ही जे दाखवलंत ते आमच्यातल्या अनेकांना माहीत नसतं. पंपावर थांबायचं म्हटलं की नवखा माणूस छताच्या उजेडाजवळ नाहीतर ट्रकांच्या आडोशाला टेंट लावतो. दोन्ही चूक. ट्रक मागे घेताना चालकाला थेट मागचं काही दिसत नाही, आणि जमिनीलगतचा टेंट तर नाहीच. शीतगृहाचा ट्रक शेजारी असेल तर त्याचा कॉम्प्रेसर रात्रभर चालू-बंद होत राहतो. जनरेटरच्या धुराड्याच्या दिशेला झोपणं तर जिवावरचं, कारण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि जमिनीखालच्या टाक्या. टँकर रिकामा होताना टाकीतली वाफ उंच व्हेंट पाइपांतून बाहेर पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरून सखल जागी रेंगाळते. म्हणून टेंट टाक्यांच्या झाकणांपासून आणि त्या पाइपांपासून लांब, जराशा चढावर, वारा आपल्याकडून पाइपांकडे वाहील अशा बाजूला हवा. टँकर कुठून वळतो, कुठे उभा राहतो, हे तुम्ही हात करून दाखवलंत आणि भिंतीपलीकडची जागा दिलीत. स्टोव्ह पेटवायचा नाही, हेही बजावलंत. बरोबरच आहे. पंपाच्या आवारात थंड खाऊन झोपावं.

मागची जमीन भुसभुशीत, म्हणून साइड स्टँडखाली फरशीचा तुकडाही आणून दिलात. स्टँडचं टोक बोटभर रुंद, कललेल्या बाजूचा भार त्यावर. रात्री दव पडून माती सैल झाली की ते रुततं आणि बाइक डावीकडे कलंडते. म्हणून टेंट नेहमी बाइकच्या उजवीकडे, निदान दोन मीटर सोडून लावायचा, बाइक पहिल्या गिअरमध्ये आणि तोंड चढाकडे. फरशी नसेल तर चपटा दगड, जाड फळीचा तुकडा, काहीही चालतं. प्लास्टिकची चकती जवळ बाळगली तर उत्तम.

बाइकवाल्यांनाही तुमच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. परवानगी मागताना हेल्मेट काढून, उजेडात, नेमकं सांगावं: किती माणसं, एकच रात्र, किती वाजता निघणार, आग पेटवणार नाही. गाडीचा नंबर स्वतःहून लिहून द्यावा. आणि पाळी कधी बदलते, पुढे कोण येणार, हे आवर्जून विचारावं. पुढचा माणूस हजर असेल तर त्याला स्वतः भेटून यावं. जागा देणाऱ्यांकडे मागणं एवढंच, की होकार दिलात तर तो आपल्या माणसांना कळवा. एक चिठ्ठी टेबलावर ठेवलीत तरी काम होतं.

तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. रात्रभर उभं राहून थकलेल्या माणसाला घरी जायची घाई असते. त्या घाईतही, अनोळखी माणूस निवांत झोपावा म्हणून तुम्ही दोन मिनिटं थांबलात. ज्याच्याकडून पुन्हा काही मिळायचं नाही, ज्याचं तोंडही बहुधा पुन्हा दिसायचं नाही, त्याची एवढी काळजी करणारी माणसं आहेत म्हणून एकट्याने लांबचा रस्ता धरायची हिंमत होते. त्यांना कुणी शाबासकी देत नाही, म्हणून हा एवढा कागद.

तुमच्या नंतर आलेल्या दादांनाही नमस्कार सांगा. पहाटेचा टँकर आला तेव्हा त्यांनी चालकाला पलीकडच्या बाजूने घ्यायला लावलं. फरशीचा तुकडा भिंतीला टेकवून ठेवलाय, कचरा सोबत नेलाय. टेंटच्या खुंट्या मोजून घेतल्यात, एकही मागे राहिलेली नाही, तेव्हा कुणाच्या टायरमध्ये काही घुसायची भीती नाही.

आपला ऋणी,
एक मोटारसायकलस्वार