अंबडच्या मिस्त्रीकाकांना: चार काटे आणि अर्धा आटा

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

मुरमाच्या ओव्हलवर, म्हणजे फक्त डावीकडे वळणाऱ्या लंबगोल ट्रॅकवर, आमची रिअर-व्हील (मागच्या चाकांना ताकद मिळणारी) शर्यतीची गाडी आता वळण धरते. ते तुमच्यामुळे, आणि चारचौघांत सांगायला हवं म्हणून हे उघडं पत्र.

तक्रार होती वळणातून बाहेर पडताना शेपूट सुटण्याची. मागच्या स्प्रिंगा मऊ करायच्या, एवढंच आमच्या डोक्यात. तुम्ही ड्रायव्हरला एकच विचारलंत: वळणाच्या मध्यावर स्टेअरिंग किती फिरवतोस? दुखणं तिथेच निघालं. मध्यावर तोंड बाहेर पळायचं, तो स्टेअरिंग आणखी पिळायचा, मग पुढच्या टायरांनी एकदम पकड घेतली की मागचं सुटायचं. मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या असत्या, तर पुश (हे तोंड बाहेर पळणं) वाढलाच असता.

मग तुम्ही पिंपळगावहून द्राक्षांच्या पॅकिंगचे ३०० किलोचे चार प्लॅटफॉर्म काटे मागवलेत, प्रत्येक चाकाखाली एक. (रेसिंगचे महागडे काटे हवेतच, हा आमचा हट्ट तिथेच संपला.) गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही काटे एका पातळीत, खाली पत्र्याचे तुकडे. एकच काटा ५ मिमी वर राहिला तरी आमच्या स्प्रिंगांवर क्रॉस (उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकांवरचं मिळून वजन) टक्काभर खोटा दिसतो. टायरची हवा ठरलेली, ड्रायव्हर हेल्मेटसकट सीटवर, टाकीत शर्यतीपुरतं पेट्रोल, अँटी-रोल बारची (वळणात गाडीचा कल रोखणाऱ्या दांडीची) एक लिंक सोडलेली. चाकांखाली ग्रीस लावलेल्या दुहेरी पत्र्या, नाहीतर टायर आडवे अडकतात आणि गाडी पुरती बसतच नाही. प्रत्येक कोपरा दाबून सोडायचा, मगच आकडा वाचायचा.

एकूण ८०० किलो. पुढे डावं २०५, उजवं १९५. मागे डावं २३५, उजवं १६५. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून ४३०, म्हणजे क्रॉस ५३.७५ टक्के. डाव्या वळणांना हा जास्त, पुश त्याचाच. उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या कॉइलओव्हरची (शॉकअब्सॉर्बरभोवतीच्या स्प्रिंगची) रिंग अर्धा आटा सैल, उरलेल्या दोन्हींची अर्धा आटा घट्ट. पुन्हा दाबायचं, पुन्हा वाचायचं. असं करत २१५, १८५, २२५, १७५ झालं. क्रॉस ४१०, गाडीची उंची जवळपास जागच्या जागी. डाव्या बाजूचे ४४० किलो मात्र तसूभर हलले नाहीत, कारण रिंगा फिरवून ते हलतच नाहीत. त्यासाठी बॅटरी किंवा सीटच सरकवावी लागते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमचे बरेच आटे वाचले असते.

स्टॅगरचंही (मागच्या उजव्या-डाव्या टायरांच्या घेरातल्या फरकाचंही) तसंच. मागच्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर, वळणाची त्रिज्या ३५, टायरचा घेर १८३० मिमी. हिशेबाने उजवा टायर ७३ मिमीने मोठा हवा. पण तेवढ्याने सरळ पट्ट्यावर गाडी डावीकडे ओढते, म्हणून तुम्ही ५० वर थांबवलंत. आणि बजावलंत की उजव्या टायरचा घेर ५० ने वाढवला की ते चाक ८ मिमी उंच उभं राहतं, त्यावर वजन चढतं, क्रॉस आपोआप उतरतो. टायर बदलला की काटे पुन्हा लावायचे.

काटे आम्ही द्राक्षांच्या हंगामाआधी पिंपळगावला परत पोचवलेत. खालचे पत्र्याचे तुकडे मात्र नंबर घालून ठेवलेत आणि शेडच्या फरशीवर काट्यांच्या जागा रंगाने आखून घेतल्यात.

आपले नम्र,
गाडीवर राबणारे आम्ही सगळे, नाशिक