जुने कागद आणि आठवीचा वर्ग

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

अमेरिकेचा इतिहास शिकवण्यासाठी मी साहित्य कोठून मिळवते, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. इंटरनेटवर साहित्याला तोटा नाही. निवडायला मात्र रात्र पुरत नाही. पहिल्या वर्षी मी एका संकेतस्थळावरून पैसे मोजून तयार स्वाध्याय घेतले, तर त्यात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सर्वांनी ४ जुलै १७७६ रोजी सह्या केल्या, असे ठसठशीत छापलेले. वास्तविक त्या दिवशी मजकूर मंजूर झाला. बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टच्या आहेत. तेव्हापासून तयार माल बंद केला.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या हातचा त्याचा कच्चा मसुदा सर्वांना पाहायला खुला ठेवला आहे. त्यावर ॲडम्स आणि फ्रँकलिन या त्याच्या सहकाऱ्यांच्या दुरुस्त्या आहेत, आणि गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा, पुढे काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गाळून टाकलेला परिच्छेदही आहे. हे लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते, हे सांगितल्यावर वर्ग काही क्षण गप्पच झाला. त्या काळच्या इंग्रजी छपाईत शब्दातला ‘एस’ पुष्कळदा ‘एफ’सारखा दिसतो, मुले तेथे अडखळतात, आणि जुनी वर्तमानपत्रे वाचणारे यंत्रही फसते, म्हणून शोधताना शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहावा लागतो. तुम्ही मोडीतला कागद वर्गात फिरवायचात, तेव्हा आमची हीच गत व्हायची!

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो याच ग्रंथालयातला दुसरा संग्रह. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतील लेखकांनी पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. अशी २,३०० हून अधिक कथने त्यात आहेत. काही जण सांगतात की तेव्हा पोटभर खायला मिळे, मालक बरा होता. हे वाचून एका मुलीने विचारले, “म्हणजे गुलामगिरी इतकी वाईट नव्हती का?” मी उत्तर दिले नाही, लिहून घेणारे कोण होते आणि साल कोणते होते, एवढेच पाहायला सांगितले. लिहून घेणारे बहुतेक गोरे, सांगणारी माणसे ऐंशीच्या आसपासची, आणि मंदीमुळे त्या वर्षीही घरात अन्नाची चणचण. मुलीने वहीत लिहिले, “आजी भुकेली होती आणि समोर गोरा माणूस बसला होता.” बाबा, त्या एका ओळीसाठी मी महिनाभर चाळलेली पाने सार्थकी लागली.

आता एक काम सांगते. येथे गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, आणि अवघ्या आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ती नाहीशी करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. ही अर्पणपत्रिका इंग्रजीत असल्याने मुलांना थेट वाचता येईल. तुमच्या कपाटातल्या प्रतीत ते पान असेलच. धाकट्याकडून त्याचा स्वच्छ फोटो काढून घ्या आणि मुखपृष्ठाचाही पाठवा. पुढचा धडा त्यावरच घेणार आहे.

आईस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची लेक